देहाचा स्वतःचा दिवस

दिवसभर राबल्यावर माणूस थकतो आणि थकला की झोपतो, असे झोपेचे साधे गणित आपल्या मनात असते. हे गणित पुरेसे असते, तर जितके जागावे तितकी झोप वाढत गेली असती. प्रत्यक्षात तसे होत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री किंवा गणपतीच्या आरासीसाठी जागलेल्या कोणालाही ठाऊक असते, की पहाटे चारच्या सुमारास पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते, साधी बेरीजही चुकते. पण ती वेळ कशीबशी निभावली, तर सकाळी नऊ-दहाला त्याच माणसाला बरीच तरतरी वाटते. मधल्या पाच-सहा तासांत जागरण वाढले, थकवा वाढला आणि झोप मात्र ओसरली. म्हणजे झोपेच्या वेळेवर थकव्याखेरीज आणखी कशाची तरी हुकमत आहे. पहाटेच्या त्याच प्रहरी शरीराचे तापमान चोवीस तासांतील सर्वांत खालच्या पातळीवर असते आणि माणूस झोपलेला असो वा जागा, ते तिथवर उतरतेच. ही हुकमत कोणाची, याचा शोध घेता घेता विज्ञान ज्या निष्कर्षाला पोहोचले, तो असा: शरीर बाहेरची वेळ पाहून वागत नाही. ते आपली वेळ आतच निर्माण करते, आणि सूर्यप्रकाश ती रोज बाहेरच्या दिवसाशी जुळवून देतो. हा निष्कर्ष मान्य केला, तर माणसाने केव्हा निजावे आणि केव्हा उठावे हा केवळ शिस्तीचा आणि आळसाचा प्रश्न उरत नाही, आणि शाळा, कारखाने, रुग्णालये यांच्या वेळापत्रकांकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

या शोधाची सुरुवात एका लाजाळूच्या रोपापासून झाली. लाजाळूची पाने दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात. उजेडाला दिलेला हा सरळ प्रतिसाद असावा, असे कोणालाही वाटेल. फ्रान्समधील खगोलशास्त्रज्ञ जाँ-जाक दोर्तू द मेराँ यांनी हे रोप उजेड पोहोचणार नाही अशा जागी ठेवले, आणि पूर्ण अंधारातही त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली. १७२९ मध्ये हे निरीक्षण पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले गेले. मात्र वनस्पतीला स्वतःचे कालमान असते, असा अर्थ तेव्हा काढला गेला नाही. सूर्य न दिसताही तो रोपाला कसा तरी जाणवत असावा, एवढेच म्हटले गेले. ही शंका त्या काळी रास्तच होती. उजेड अडवला तरी दिवस-रात्रीबरोबर हवेतील ऊब बदलते, आर्द्रता बदलते. त्यांतले काहीही पानांना खूण देत असू शकते. पुढच्या पिढ्यांतील अभ्यासकांनी तळघरात, तापमान फारसे बदलत नाही अशा जागी हेच प्रयोग केले आणि पानांची हालचाल तरीही थांबली नाही. तरी एखादी अज्ञात खूण राहून गेली असेल, हा आक्षेप कितीही खुणा बंद केल्या तरी पुरता मिटत नाही. तो मिटवायला वेगळ्या प्रकारचा पुरावा हवा होता.

तो पुरावा मिळाला तो लयीच्या लांबीतून. १८३२ मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ ओग्युस्तँ द कांदोल यांनी नोंदवले, की एकसारख्या परिस्थितीत ठेवलेल्या लाजाळूचे चक्र चोवीस तासांचे नसून बावीस-तेवीस तासांचे असते. रोपाचा दिवस बाहेरच्या दिवसाच्या रोज थोडा पुढे सरकत जातो. ही वरवर किरकोळ दिसणारी तफावत या सगळ्या वादात निर्णायक आहे. पृथ्वीच्या फिरण्यातून उमटणारी कोणतीही खूण, मग ती ज्ञात असो वा अज्ञात, चोवीस तासांनीच उमटेल. रोप जर तिच्या तालावर चालत असेल, तर त्याचे चक्रही चोवीस तासांचेच असले पाहिजे. ते तसे नाही, याचा अर्थ ताल बाहेरून येत नाही. विसाव्या शतकात, १९३०च्या दशकात, जर्मन शास्त्रज्ञ एर्विन ब्युनिंग यांनी वेगवेगळ्या लांबीच्या चक्रांच्या घेवड्यांचा संकर केला, तेव्हा संकरित रोपांचे चक्र दोहोंच्या मधले निघाले. पानाचा आकार किंवा फुलाचा रंग जसा बीजातून उतरतो, तसा दिवसही उतरतो, असे यातून दिसले.

तरीही शंका संपली नव्हती आणि ती घेणारे कोणी साधेसुधे नव्हते. अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ फ्रँक ब्राउन यांनी समुद्रकाठच्या न्यू हेवनमधून शिंपले शिकागोजवळच्या इव्हान्स्टन येथे नेले आणि अंधारात ठेवले. काही दिवस ते मूळ किनाऱ्याच्या भरतीच्या वेळेनुसार उघडत राहिले; पण दोनेक आठवड्यांत त्यांची वेळ सरकली आणि इव्हान्स्टनला समुद्र असता तर तिथे ज्या वेळी भरती आली असती, त्या वेळी ते उघडू लागले, असे त्यांनी १९५४ मध्ये जाहीर केले. चंद्र-सूर्याचे आकर्षण, चुंबकीय क्षेत्र अशा एखाद्या सूक्ष्म बाह्य प्रभावावर सजीव चालतात, ही त्यांची भूमिका होती. तिची परीक्षा घेण्यासाठी कार्ल हॅमनर आणि त्यांचे सहकारी थेट दक्षिण ध्रुवावर गेले. तिथे हॅम्स्टर, फळमाश्या, घेवडा, बुरशी अशा सजीवांना त्यांनी फिरत्या चकतीवर ठेवले आणि पृथ्वी जितक्या वेगाने फिरते तितक्याच वेगाने चकती उलट दिशेने फिरवली. पृथ्वीचे फिरणे त्यांच्यापुरते रद्द झाले, पण लयी टिकल्या. १९८३ मध्ये एका बुरशीला अंतराळयानातून पृथ्वीबाहेर नेण्यात आले, तिथेही तिची लय लोपली नाही. ब्राउन यांच्या आक्षेपाचा सर्वांत मोठा उपयोग हा, की त्याने इतरांना अधिक काटेकोर पुरावा शोधायला लावले.

माणसाच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक अवघड होता, कारण माणसाला मनातल्या मनात तास मोजता येतात. आपण वेळ मोजतो म्हणून शरीर तिच्यामागे जाते, असे म्हणायला जागा होती. १९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्स पर्वतातील एका खोल गुहेत घड्याळाशिवाय सुमारे दोन महिने राहिला. केव्हा उठलो, केव्हा निजलो हे तो दूरध्वनीवरून वर कळवी, पण वरची माणसे त्याला वेळ सांगत नसत. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढले, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्टच होता. जवळजवळ पंचवीस दिवस त्याच्या मनाच्या मोजणीतून निसटले होते. मात्र वर टिपलेल्या नोंदींप्रमाणे त्याचे झोपणे-उठणे चोवीस तासांहून थोड्याच अधिक लांबीच्या चक्रात नेमाने चालू होते. मनाची मोजदाद पार चुकली आणि देहाची चुकली नाही; म्हणजे देह मनावर विसंबून नव्हता. पुढे युर्गेन आशॉफ आणि रुटगर वेव्हर यांनी बव्हेरियातील आंडेक्स येथे भूमिगत निवास बांधून अनेक स्वयंसेवकांवर असे प्रयोग केले आणि माणसाचा आतला दिवस सरासरी पंचवीस तासांचा असल्याचे मानले जाऊ लागले. हा आकडा नंतर दुरुस्त करावा लागला. त्या निवासात स्वयंसेवकांना दिवे हवे तेव्हा लावायची मुभा होती, आणि दिव्यांचा तो उजेडच त्यांचा दिवस लांबवत होता. चार्ल्स झायस्लर आणि सहकाऱ्यांनी अतिशय मंद उजेडात, अधिक काळजीपूर्वक मोजमाप केले, तेव्हा १९९९ मध्ये जाहीर झालेली सरासरी होती चोवीस तास अकरा मिनिटे. विशीतील तरुण आणि साठी ओलांडलेली माणसे यांच्या आकड्यांत फरकही आढळला नाही.

यावर सर्वांत स्वाभाविक आक्षेप सवयीचा. माणसाच्या काय वाट्टेल ते अंगवळणी पडते. चोवीस तासांचा दिवस जन्मापासून अंगवळणी पडला आहे, एवढेच. दुसरा पाडला तर तोही पडेल. शिकागोचे निद्राशास्त्रज्ञ नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९३८ मध्ये नेमके हेच तपासले. केंटकीतील मॅमथ गुहेत ते आणि त्यांचे विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन ३२ दिवस राहिले आणि त्यांनी अठ्ठावीस तासांचा दिवस पाळला. तरुण रिचर्डसन यांचे शरीर नव्या दिवसाशी जुळल्यासारखे दिसले. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमन यांच्या तापमानाची लय चोवीस तासांनाच धरून राहिली. दोन माणसांत एकाचा कौल इकडे आणि दुसऱ्याचा तिकडे, यावरून काहीच ठरत नाही. सवयीच्या बाजूने बोलणाऱ्याला रिचर्डसन यांचे उदाहरण देता येत होते. पण झायस्लर यांनी अठ्ठावीस तासांचा तोच दिवस चोवीस जणांना आठवडेच्या आठवडे पाळायला लावला, आणि उजेड मुद्दाम मंद ठेवला. त्यांचे झोपणे-उठणे अठ्ठावीस तासांनी होत राहिले. तापमान आणि मेलाटोनिन, कॉर्टिसोल ही संप्रेरके मात्र आपापल्या सव्वाचोवीसच्या आसपासच्या चक्रात फिरत राहिले. सवय आणि देहाचा दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट झाले. अंथरुणावर पडायची वेळ बदलता येते. त्या वेळी शरीरात रात्र झालेली असेलच, असे नाही.

हा दिवस शरीरात नेमका कुठे घडतो, याचे उत्तर १९७२ मध्ये दोन स्वतंत्र गटांना उंदरांवरील प्रयोगांतून मिळाले. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर पेशींचे दोन छोटे पुंजके असतात. माणसात त्यांत मिळून हजारोच पेशी, म्हणजे मेंदूच्या मानाने अगदी मूठभर. ते नष्ट केले की प्राणी झोपतो आणि उठतोही, पण केव्हाही. त्याचा दिवस विस्कटून जातो. हे पुंजके केवळ निरोप पोहोचवतात की वेळ स्वतः घडवतात, हे ठरवले एका विलक्षण प्रयोगाने. मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनाकर यांना योगायोगाने असा हॅम्स्टर सापडला, ज्याच्या वंशात वीस तासांच्या दिवसाचे प्राणी निपजले. १९९० मध्ये जाहीर झालेल्या प्रयोगात त्यांनी सर्वसाधारण हॅम्स्टरचे पुंजके काढून तिथे वीस तासांच्या दिवसाच्या हॅम्स्टरची ऊती बसवली. हरवलेली लय परत आली, आणि ती वीस तासांची होती. उलट दिशेने केलेल्या रोपणात दात्याचाच चोवीस तासांचा दिवस मिळाला. एका प्राण्याचा दिवस दुसऱ्याच्या डोक्यात बसवता येतो म्हटल्यावर, तो बाहेरून येतो असे म्हणायला आधार उरला नाही.

पेशीच्या आत हा दिवस कसा घडतो, ते कळले फळमाशीमुळे. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांनी तीन प्रकारच्या बदललेल्या माश्या शोधल्या: एकीचा दिवस एकोणीस तासांचा, दुसरीचा अठ्ठावीसच्या आसपास आणि तिसरीला दिवसच नाही. तिन्ही दोष एकाच जनुकात होते. जेफ्री हॉल, मायकेल रोसबाश आणि मायकेल यंग यांनी पुढे या ‘पीरियड’ जनुकाचे काम उलगडले आणि त्याबद्दल त्यांना २०१७चे नोबेल पारितोषिक मिळाले. या जनुकावरून एक प्रथिन तयार होते, ते रात्रीच्या प्रहरांत साठत जाते, पुरेसे साठले की पेशीच्या केंद्रकात शिरून आपल्याच जनुकाचे काम थांबवते. नवे प्रथिन बनणे थांबते, जुने हळूहळू विघटित होते, अडसर दूर होतो आणि जनुक पुन्हा कामाला लागते. या एका फेरीला सुमारे एक दिवस लागतो. माणसातही याच कुळातील जनुके आहेत. अमेरिकेतील युटा राज्यातल्या एका कुटुंबातील अनेक जणांना संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोप आवरत नसे आणि पहाटे साडेचारला आपोआप जाग येई. २००१ मध्ये त्यांच्यातील एका जनुकातला अगदी लहानसा बदल त्यामागे असल्याचे सिद्ध झाले. आपल्याकडे पहाटे उठणारा पुण्यवान आणि उशिरा उठणारा आळशी, असा निवाडा घरोघर दिला जातो. युटातील ती माणसे कोणत्याही निग्रहाने उठत नव्हती, आणि म्हणूनच उशिरा उठणाऱ्या प्रत्येकाच्या निग्रहाला दोष देण्याआधी थांबायला हवे.

आतला दिवस चोवीस तासांहून अकरा मिनिटांनी मोठा असेल, तर तो रोज तेवढा मागे पडून महिन्याभरात पाच-साडेपाच तासांनी भरकटला पाहिजे. बहुतेकांचा भरकटत नाही, तो उजेडामुळे. डोळ्यांत दृश्य पाहणाऱ्या पेशींखेरीज काही निराळ्या पेशी असतात. त्यांतील मेलॅनॉप्सिन हे प्रकाशग्राही प्रथिन प्रथम १९९८ मध्ये बेडकाच्या त्वचेच्या पेशींत सापडले. या पेशी चित्र पाहत नाहीत, बाहेर उजेड किती आहे एवढेच त्या वरच्या पुंजक्यांना कळवतात, आणि निळसर उजेडाला त्या सर्वाधिक दाद देतात. म्हणून ज्यांना उजेडाची जाणीवच उरलेली नाही अशा अंध व्यक्तींपैकी अनेकांचा दिवस खरोखर भरकटतो. काही आठवडे त्यांना रात्री चांगली झोप लागते आणि पुढचे काही आठवडे रात्री डोळा लागत नाही, दिवसा पेंग येते. त्यांचा हा त्रास अनेकदा मनाचा म्हणून दुर्लक्षिला जातो, हे दुःखद आहे. उजेड कोणत्या वेळी पडतो यावर त्याचा परिणाम ठरतो. झोपाळा पुढे जात असताना दिलेला धक्का त्याला वेग देतो आणि परत येत असताना दिलेला तोच धक्का त्याला अडवतो. तसेच संध्याकाळी आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरांत पडलेला उजेड आतला दिवस पुढे ढकलतो, झोप लांबवतो. पहाटे उशिरा आणि सकाळी पडलेला उजेड दिवस अलीकडे ओढतो. उजेड हीच सर्वांत बलवान खूण, पण एकमेव नव्हे. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की अंधाऱ्या गुहेत पिंजऱ्यात ठेवलेल्या वटवाघळांचा दिवस गुहेतून ये-जा करणाऱ्या आपल्या जातभाईंच्या सोबतीनेही जुळलेला राहतो.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे जाता येते. १९८२ मध्ये अलेक्झांडर बोर्बेली यांनी मांडले, की झोपेवर दोन स्वतंत्र क्रिया काम करतात. एक जागरणाबरोबर वाढत जाणारी झोपेची निकड. मेंदूत साठणारे अॅडेनोसिन हा तिचा एक भाग, आणि चहा-कॉफीतील कॅफिन ते जिथे चिकटते त्या जागा अडवून तेवढ्यापुरती निकड लपवते. दुसरी क्रिया म्हणजे देहाचा दिवस. पहाटे चारला निकड मोठी असते आणि देहाची रात्र सर्वांत गडद, म्हणून झोप अनावर होते. सकाळी नऊला निकड आणखी वाढलेली असली तरी देहाचा दिवस उजाडलेला असतो, म्हणून तरतरी वाटते. झोप ही या दिवसाची सर्वांत ठळक खूण असली, तरी ती एकटी नाही. संध्याकाळी मेलाटोनिन स्रवू लागते, उठण्याच्या सुमारास कॉर्टिसोल शिगेला पोहोचते. तोच पदार्थ तेवढाच खाल्ला तरी रक्तातील साखर सकाळपेक्षा रात्री अधिक चढते. यकृत, स्वादुपिंड, हृदय, स्नायू यांच्या पेशींतही अशीच जनुकांची चक्रे असतात. मेंदूतील पुंजके त्यांना एकत्र ठेवतात, पण त्यांतील काहींना अन्नाची खूण अधिक जवळची असते. निशाचर उंदरांना फक्त दिवसा खायला घातले, तर त्यांच्या यकृताचा दिवस उलटतो आणि मेंदूचा तसाच राहतो. एकाच देहात दोन दिवस चालू होतात.

रातपाळी करणाऱ्या माणसाची अवस्था याहून फार वेगळी नसते. मेंदूत रात्र असताना त्याला काम करावे लागते, दोन वाजता डबा खावा लागतो, आणि सकाळी घरी जाताना डोळ्यांवर पडणारे ऊन आतल्या दिवसाला पुन्हा जगाच्या दिवसाकडे ओढते. ‘वर्षानुवर्षे रातपाळी करणाऱ्यांना सवय होतेच की,’ असे म्हटले जाते. त्यांना काम करण्याची सवय होते, हे खरे. पण कायम रातपाळी करणाऱ्यांतही ज्यांचे मेलाटोनिनचे चक्र पूर्णपणे उलटले आहे, असे लोक थोडेच आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये देहाची लय बिघडवणारे पाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले आणि २०१९ मध्ये रात्रीच्या कामाबाबत तोच निर्णय कायम ठेवला. यात ‘बहुधा’ हा शब्द सोडून चालणार नाही: पुरावा गंभीर आहे, पण निर्विवाद नाही. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. रुग्णालये, रेल्वे, वीजकेंद्रे रात्री बंद ठेवता येत नाहीत, मग हे ज्ञान काय कामाचे? पाळ्या टाळता आल्या नाहीत, तरी त्या कशा फिरवायच्या हे आपल्या हातात असते. माणसाचा दिवस चोवीसहून थोडा मोठा असल्याने त्याला झोप पुढे ढकलणे सोपे जाते आणि अलीकडे ओढणे कठीण. त्यामुळे फिरत्या पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने आणि पुरेशा अंतराने बदलाव्यात, हा नियम निघतो. युटातील एका खनिज कारखान्यात पाळ्या तशा बदलल्यावर कामगारांचे समाधान, प्रकृती आणि उत्पादन तिन्ही सुधारल्याचे १९८२ मध्येच जाहीर झाले. या बदलासाठी नवे यंत्र लागत नाही, हजेरीपटावरचा क्रम बदलावा लागतो.

शाळांचा प्रश्न याच तर्काने पाहायला हवा. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असे ठरवले. लहान मुलांची झोप ही शासनाने दखल घेण्याजोगी बाब आहे, हे त्यातून मान्य झाले आणि ते स्वागतार्ह आहे. पण जैविक पुरावा पाहिला, तर सर्वाधिक निकड आहे ती याच्या पुढच्या वयोगटाला. लहान मुले स्वभावतः लवकर निजणारी आणि लवकर उठणारी असतात. वयात येताना देहाचा दिवस उशिराकडे सरकू लागतो, विशीच्या आसपास तो सर्वाधिक उशिरा असतो आणि मग पुन्हा अलीकडे येऊ लागतो. सकाळी सातला वर्गात बसलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी देहाने अजून रात्रीतच असते. ‘हा सगळा मोबाइलचा प्रताप,’ या आक्षेपात तथ्य आहे, कारण रात्रीचा उजेड झोप लांबवतोच. पण वयात येताना होणारा हा बदल इतर काही सस्तन प्राण्यांतही दिसतो, आणि त्यांच्या हाती मोबाइल नसतो. ‘शाळा उशिरा केली तर पोरे आणखी उशिरा झोपतील,’ हा दुसरा आक्षेप तपासून पाहिलेला आहे. अमेरिकेतील सिएटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ पावणेआठच्या सुमारावरून पावणेनऊवर नेली. मनगटावरील यंत्रांनी मोजले असता शाळेच्या दिवशी मुलांची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढलेली आढळली. मिळालेला सगळा तास झोपेत गेला नाही, पण अर्ध्याहून अधिक गेला. आपल्याकडे दोन सत्रांच्या शाळा, अपुऱ्या इमारती आणि वाहतूक या अडचणी खऱ्या आहेत. निदान दोन सत्रांतले सकाळचे कोणत्या वयाला द्यायचे, हे ठरवताना तरी या पुराव्याकडे पाहता येईल.

‘दिवस जर जनुकांत लिहिलेला असेल, तर मग प्रयत्नांना अर्थ काय?’ असाही प्रश्न येतो. उत्तर असे, की आतल्या दिवसाची लांबी वारशाने येते, पण तो बाहेरच्या कोणत्या तासाला जुळतो हे बरेचसे उजेडावर ठरते. केनेथ राइट यांनी २०१३ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात आठ जण कोलोरॅडोच्या डोंगरांत आठवडाभर दिव्यांशिवाय, केवळ सूर्यप्रकाश आणि शेकोटी यांच्या सोबतीने राहिले. त्यांचे मेलाटोनिन सुमारे दोन तास लवकर स्रवू लागले, आणि उशिरा निजणाऱ्यांत व लवकर निजणाऱ्यांत असलेले अंतर कमी झाले. फरक पुसला गेला नाही, पण शहराच्या उजेडाने तो किती ताणला होता हे दिसले. दिवसा घरात कोंडून राहणे आणि रात्री लख्ख दिवे लावणे, या दोन्हींनी देहाला मिळणारी खूण क्षीण होते. सकाळी उघड्यावर घालवलेला अर्धा-पाऊण तास आणि निजण्याआधी मंदावलेले दिवे हे या शास्त्रातून निघणारे सर्वांत साधे आणि सर्वांच्या आवाक्यातले उपाय आहेत. जन्मतारखेपासून २३, २८ आणि ३३ दिवसांची चक्रे मोजून शुभ-अशुभ दिवस सांगणाऱ्या तथाकथित ‘बायोरिदम’शी या शास्त्राचा काही संबंध नाही. त्या चक्रांना पुरावा नाही, आणि जन्मापासून एकदाही न जुळवता आयुष्यभर अचूक चालणारी लय देहात आढळलेली नाही.

देह सूर्याला बांधलेला आहे आणि समाज घड्याळाला, यातून एक प्रश्न उभा राहतो, जो महाराष्ट्राला थेट लागू पडतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. मुंबई साधारण ७२.८ अंशांवर असल्याने तिथला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटे मागे चालतो. १९५५ पर्यंत मुंबईत पाळली जाणारी ‘बॉम्बे टाइम’ तेवढ्याच फरकाची होती. गडचिरोलीत आणि मुंबईत घड्याळ एकच, पण सूर्योदयात अर्ध्या तासाच्या आसपास अंतर. टिल रोनेबर्ग यांनी जर्मनीत अशाच पूर्व-पश्चिम फरकाचा अभ्यास करून २००७ मध्ये दाखवले, की एकाच प्रमाणवेळेत राहूनही लोकांची झोप पश्चिमेकडे दर रेखांशाला सुमारे चार मिनिटांनी उशिरा होत जाते; म्हणजे ती घड्याळामागे नव्हे, सूर्यामागे जाते. मोठ्या शहरांत, जिथे माणसे उघड्यावर कमी असतात, हा संबंध सैल पडतो. प्रमाणवेळ एकच ठेवण्यामागे रेल्वेपासून बँकांपर्यंत सबळ कारणे आहेत, आणि ती मोडण्याची गरज नाही. पण शाळा, कार्यालये, परीक्षा यांच्या वेळा देशभर किंवा राज्यभर एकाच आकड्यावर ठेवायला तेवढी सबळ कारणे नाहीत.

सजीवांनी पृथ्वीच्या फिरण्याशी कोट्यवधी वर्षांत जे नाते जोडले, ते दिव्यांच्या शोधानंतरच्या थोड्या पिढ्यांत मोडणार नाही. माणूस जागरण करू शकतो, पाळ्या करू शकतो, सातची शाळा गाठू शकतो. म्हणून ते फुकट होते असे नाही. त्याची किंमत झोपेत, साखरेत, रक्तदाबात, लक्षात आणि अपघातांत मोजली जाते, आणि बहुधा ती वेळापत्रक ठरवणारा मोजत नाही, ते पाळणारा मोजतो. देहाचा दिवस कोणी आदेश काढून बदलू शकत नाही. पाळीचा क्रम आणि शाळेची घंटा माणसांनी ठरवलेली आहे, ती माणसे बदलू शकतात. ज्यांच्या हाती हे ठरवणे आहे, त्यांनी दुसऱ्याच्या झोपेला त्याची खासगी सवय किंवा कमजोरी समजणे थांबवावे, आणि पाण्याचा व हवेचा विचार करतात तसा तिचाही सार्वजनिक आरोग्याचा भाग म्हणून विचार करावा. जवळजवळ तीनशे वर्षांच्या पुराव्याचे तेवढे मागणे आहे, आणि ते अवाजवी नाही.